प्रश्न धर्माला, निवाडा माणसाचा

औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या, शहागंजातली मोठी मशीद १७२० च्या सुमारास उभी राहिली. तिथला प्रशस्त हौद सुरू केला दख्खनचा मोगल सुभेदार सय्यद हुसेन अली खान यानं. पुढे इवज खानानं मशीद आणि भोवतालचं बांधकाम वाढवलं. उन्हाळ्यात शहरात पाण्याची ओढ लागली की लोकांना या हौदाचा आधार होई, अशी नोंद त्याच काळातला इतिहासकार खाफी खान करतो. याच हुसेन अलीनं १७१८ मध्ये बाळाजी विश्वनाथांमार्फत छत्रपती शाहूंशी करार केला. मराठी फौज त्याच्याबरोबर दिल्लीला गेली आणि १७१९ मध्ये चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळाल्या, येसूबाईसाहेबही सुटून साताऱ्याला आल्या. रायगड पडल्यापासून जवळजवळ तीस वर्षं त्या मोगलांच्या कैदेत होत्या. ज्या संभाजी महाराजांचं नाव आज या शहराला आहे, त्यांच्या पत्नीच्या सुटकेत वाटा असलेल्या माणसाची खूण शहागंजात अशी शिल्लक आहे. आणि याच शहागंजात, मोतीकारंजा-राजाबाजारच्या परिसरात, ११ मे २०१८ च्या रात्री दंगल पेटली. दुकानं जळाली, दोघांचे जीव गेले. एक किशोरवयीन मुलगा, एक वृद्ध. एक मुसलमान, एक हिंदू. दंगलीत दुकान जाळणारा मालकाला थांबवून विचारत नाही, की बाबा, तू नेमकं काय मानतोस? पाटीवरचं नाव त्याला पुरतं. दंगल न करणारी, शिकलीसवरली माणसंही अनेकदा त्याच नावावर थांबतात, फक्त ती दगडाऐवजी ग्रंथातलं वचन किंवा इतिहासातलं साल पुढे करतात. या दुसऱ्या प्रकाराशी वाद घालणं मला जास्त गरजेचं वाटतं, कारण त्यात युक्तिवाद असतो.

असा वाद संवादाच्या रूपात मांडण्याची वाट याच मुलखात जुनी आहे. इथून जेमतेम पन्नास किलोमीटरवरच्या पैठणला एकनाथांनी सोळाव्या शतकात ‘हिंदू-तुर्क संवाद’ रचला. त्यात दोघंही एकमेकांच्या देवकथांवर आणि आचारांवर तुटून पडतात, काही हातचं राखत नाहीत, आणि शेवटी भेटतात. नागसेनवनातल्या मिलिंद महाविद्यालयाला ज्याचं नाव आहे, त्या ग्रीक राजाला भिक्खू नागसेनानं वादाआधी एक अट घातली होती : पंडितांसारखं बोलणार असाल तर बोलू, राजासारखं बोलणार असाल तर नाही, कारण राजाला उत्तर आवडलं नाही की तो दंड करतो. तीच अट इथे दोन्ही बाजूंना आहे. आक्षेपकाची बाजू मी शक्य तितकी बळकट मांडली आहे. दुबळ्या पूर्वपक्षाला उत्तर देण्यात काही अर्थ नसतो.

आक्षेपक : तुम्ही धर्माला कातडीच्या रंगासारखं धरता, तिथेच तुमची चूक आहे. रंग कुणी निवडत नाही. धर्म म्हणजे मतांचा संच आहे. तो मानता येतो, सोडता येतो. एखादा माणूस राजकीय पक्षाचा सभासद झाला, तर त्या पक्षाचा जाहीरनामा वाचून आपण त्याच्याबद्दल अंदाज बांधतोच. त्याला अन्याय म्हणत नाही. मग जो माणूस उघडपणे म्हणतो की अमुक ग्रंथ माझ्यासाठी प्रमाण आहे, त्याला त्या ग्रंथातल्या मजकुराबद्दल जबाबदार का धरू नये? शिकवणीचा माणसावर काही परिणामच होत नसेल, तर धर्मोपदेशक आयुष्यभर करतात तरी काय?

लेखक : परिणाम होतो, हे मला मान्यच आहे. धर्माची शिकवण निव्वळ शोभेची असते असं म्हणणं हा धर्माचाही अपमान आणि धर्मामुळे ज्यांनी सोसलं त्यांचाही. पण पक्षाच्या जाहीरनाम्याशी केलेली तुलना दोन ठिकाणी तुटते. पक्षात माणूस सही करून जातो. धर्मात बहुतेक माणसं पाळण्यात असतानाच नाव घेऊन येतात, आणि पुढे त्यातलं काय धरायचं, काय सोडायचं हे ज्याचं तो आयुष्यभर ठरवत राहतो, बहुधा कुणाला न सांगता. दुसरं म्हणजे जाहीरनामा एक असतो. हजार-दोन हजार वर्षांच्या धर्माचा एक जाहीरनामा नसतो. ग्रंथ, त्यावरची भाष्यं, भाष्यांवरचे वाद, संतांची बंडं, घरातल्या आजीची रीत, असं सगळं एकाच नावाखाली नांदत असतं. याचा पुरावा याच शहराला आपलं नाव देणाऱ्याच्या घरात आहे. मलिक अंबरानं १६१० मध्ये वसवलेल्या खडकीला औरंगजेबानं १६५३ मध्ये औरंगाबाद केलं. त्यानंतर चारच वर्षांनी, १६५७ मध्ये, त्याच्या सख्ख्या भावानं, दारा शुकोहनं, पन्नास उपनिषदांचा फारसी अनुवाद ‘सिर्र-ए-अकबर’ या नावानं पुरा केला. एकच बाप, एकच आई, एकच कुराण. १६५९ मध्ये धाकट्यानं थोरल्याला धर्मद्रोही ठरवून मारलं. या दोन भावांना केवळ धर्माच्या मापानं मोजलं तर दोघांचं वजन सारखं भरेल. जे माप दारा आणि औरंगजेब यांच्यातला फरक दाखवू शकत नाही, ते शहागंजातल्या कापडविक्यावर वापरून तुमच्या हाती काय लागणार?

आक्षेपक : दारा हा अपवाद होता, आणि हरलेला अपवाद. इतिहास घडवला तो औरंगजेबानं. काशीचं देऊळ १६६९ मध्ये पडलं, जिझिया १६७९ मध्ये परत लागला, आणि या दोन्ही गोष्टी त्यानं धर्माचं नाव घेऊन केल्या. तुम्ही हुसेन अलीचं उदाहरण दिलंत. त्यानं येसूबाईंना सोडवलं ते काही औदार्यानं नव्हे. बादशहा फर्रुखसियरविरुद्ध त्याला मराठ्यांची फौज हवी होती. सरळ राजकारण.

लेखक : अगदी बरोबर, राजकारणच होतं. पण तुम्ही आत्ता काय केलंत ते पाहा. एका मुसलमान सुभेदारानं चांगलं काही केलं, तेव्हा कारण शोधायला तुम्ही त्याच्या स्वार्थाकडे गेलात. दुसऱ्या मुसलमान बादशहानं क्रौर्य केलं, तेव्हा तुम्ही थेट ग्रंथाकडे गेलात. औरंगजेबाच्या कृत्यांत धर्म हे कारण होतं, ते मी नाकारणार नाही. जिझिया हा धर्माच्या नावानंच लावलेला कर होता. पण त्याच औरंगजेबानं १६८६ मध्ये विजापूर आणि १६८७ मध्ये गोवळकोंडा बुडवला, तिथल्या गादीवर मुसलमानच होते. सत्तेची भूक, वारसाहक्काची भीती, तिजोरीची गरज आणि धर्मवेड हे सगळं एका माणसात एकत्र असू शकतं. बादशहाच्या बाबतीत, जिथे शेकडो कागद उपलब्ध आहेत, तिथेसुद्धा इतिहासकारांना ही कारणं वेगळी करताना घाम फुटतो. मग ज्याच्याविषयी एकही कागद आपल्याजवळ नाही, अशा शेजाऱ्याच्या मनातलं कारण आपण त्याच्या आडनावावरून कसं वाचतो? चांगल्याला स्वार्थ आणि वाईटाला धर्म, असे दोन वेगळे नियम लावले की निष्कर्ष पुरावा पाहण्याआधीच ठरलेला असतो. आणि हा खेळ सगळ्याच बाजूंनी चालतो. हिंदूंमधला सुधारक हा इंग्रजी शिक्षणाचा परिणाम आणि अस्पृश्यता पाळणारा हा खरा हिंदू, असं म्हणणाऱ्यानंही तेच केलेलं असतं.

आक्षेपक : अस्पृश्यतेचा विषय तुम्हीच काढलात हे बरं झालं. बाबासाहेब आंबेडकरांनी शास्त्रांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. जात ही चार दुष्टांची करणी नाही, ती धर्माची शिकवण आहे, हेच तर त्यांचं म्हणणं. म्हणजे बाबासाहेब माझ्या बाजूला आहेत.

लेखक : बाबासाहेबांचा तो युक्तिवाद पुरता वाचला तर तो तुमच्या विरुद्ध जातो. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी त्यांनी १९३६ मध्ये लिहिलेलं आणि होऊ न शकलेलं भाषण ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या नावानं प्रसिद्ध झालं. त्यात त्यांचा मुद्दा असा आहे, की जात पाळणारी माणसं दुष्ट किंवा अमानुष आहेत म्हणून जात पाळत नाहीत. ती धार्मिक आहेत म्हणून पाळतात, आणि म्हणून झगडा माणसांशी नको, शास्त्रांच्या प्रामाण्याशी हवा. शिकवणीवरची टीका याहून कठोर क्वचितच कुणी केली असेल. पण ती टीका करताना माणूस त्यांनी सोडवून घेतला, त्याला आरोपी केलं नाही. हे नुसतं लिहिण्यापुरतं नव्हतं. १९२७ मध्ये महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी ब्राह्मणेतर चळवळीतल्या केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांनी पाठिंबा देऊ केला, पण अट अशी, की सत्याग्रहात एकही ब्राह्मण नको, मग तो कितीही सद्हेतूचा असो. बाबासाहेबांनी ती अट साफ नाकारली. आपला विरोध ब्राह्मण्याला आहे, ब्राह्मण म्हणून जन्मलेल्या माणसाला नाही, ही त्यांची भूमिका होती. त्या काळात तो पाठिंबा किती मोलाचा होता याचा विचार केला, तर नकाराची किंमत कळते. आणि २५ डिसेंबर १९२७ ला महाडमध्ये मनुस्मृती जाळण्याचा ठराव मांडला तो गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्मानं ब्राह्मण असलेल्या माणसानं. परिषदेसाठी हिंदूंकडून जागा मिळेना, तेव्हा ती दिली फत्तेखान या मुसलमान गृहस्थानं. जेधे-जवळकरांची अट मान्य झाली असती तर सहस्रबुद्धे त्या मंडपाबाहेर राहिले असते. आणि मनुस्मृतीच्या विरोधातला सर्वांत बोलका साक्षीदार, तिच्या लाभार्थ्यांतलाच एक, चळवळीनं गमावला असता. शिकवणीवर घाव घालायचा असेल, तर माणूस आणि शिकवण यांच्यात फट आहे हे आधी मानावं लागतं. फटच नसेल तर कुणी कधी बदलणारच नाही, मग टीका तरी कुणासाठी करायची?

आक्षेपक : ठीक. पण इतिहासाचा प्रश्न राहतोच. लोकांना पूर्वजांचा अभिमान हवा असतो, लाज नको असते. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काय झालं? मोबाइलवर औरंगजेबाची स्टेटस लागली. ज्याला औरंगजेब आपला वाटतो, त्यानं औरंगजेबाचा हिशेबही द्यायला नको का? अभिमान घ्यायचा आणि जबाबदारी झटकायची, हे दोन्ही कसं चालेल?

लेखक : तुमच्या सगळ्या आक्षेपांत हा मला सर्वांत वजनदार वाटतो, आणि त्याचा अर्धा भाग मी स्वीकारतो. संभाजी महाराजांना हालहाल करून मारणाऱ्याचा गौरव कुणी जाणूनबुजून करत असेल, तर त्यानं स्वतः एक कृती केलेली आहे. तिच्याबद्दल त्याला जाब विचारा, कडक शब्दांत विचारा. कायदा मोडला असेल तर कायदा आहे. इथे आपण त्याला त्याच्या धर्मावरून मोजत नाही, त्याच्याच कृतीवरून मोजतो. पण कोल्हापुरात दगड पडले ते स्टेटस न लावणाऱ्यांच्या दुकानांवरही. मार्च २०२५ मध्ये खुलताबादच्या कबरीवरून वाद पेटला आणि नागपुरात दंगल झाली. तिथेही पोळले त्यांतल्या कितीजणांचा तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाशी काय संबंध होता? अभिमान सांगणारा एक आणि हिशेब मागितला जातो दुसऱ्याकडून, ही तुमच्या नियमातली पळवाट आहे, आणि व्यवहारात तो नियम कायम त्याच पळवाटेनं चालतो.

महाराष्ट्राला हे शिकायला दूर जायची गरज नाही. १९४८ या एका वर्षात आपण ते दोनदा पाहिलं. ३० जानेवारीला गांधीजींचा खून झाला, खुनी नथुराम गोडसे ब्राह्मण निघाला, आणि पश्चिम महाराष्ट्रात, सातारा-सांगली-कोल्हापूरकडे, ब्राह्मणांची घरं जळाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. खेड्यातले भिक्षुक, मास्तर, विधवा बायका, ज्यांनी नथुरामचं नाव त्या दिवशीच पहिल्यांदा ऐकलं, त्यांनी त्याची शिक्षा भोगली. अनेक कुटुंबांनी गाव कायमचं सोडलं. त्याच वर्षी सप्टेंबरात हैदराबाद संस्थान मुक्त झालं. त्याआधी निजामाची सत्ता टिकवू पाहणाऱ्या रझाकारांनी मराठवाड्यात जे अत्याचार केले ते खरेच होते, इथल्या गावागावांनी ते सोसले होते. पण भारतीय लष्कराच्या कारवाईनंतर त्यांचा सूड निघाला तो बहुतांशी रझाकार नसलेल्या मुसलमानांवर. भारत सरकारनं पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं मृतांचा अंदाज २७ हजार ते ४० हजार असा दिला. सर्वाधिक झळ उस्मानाबाद, नांदेड, बिदर आणि गुलबर्गा या जिल्ह्यांना बसली. तो अहवाल कित्येक दशकं प्रकाशातच आला नाही. आता ज्यांच्या आजोबांचं घर १९४८ च्या फेब्रुवारीत जळालं, त्यांना मी विचारतो : तुमच्या आजोबांना नथुरामच्या मापानं मोजलं हे अन्यायाचं होतं ना? मग सप्टेंबरातल्या विणकराला रझाकारांच्या नेत्याच्या, कासिम रझवीच्या, मापानं मोजणं न्याय्य कसं? पहिली घटना जातीची आणि दुसरी धर्माची, एवढ्या फरकानं रीत बदलत नाही. त्याच सुंदरलाल अहवालात अशीही नोंद आहे, की काही ठिकाणी हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांना वाचवलं आणि त्यापायी स्वतःचे जीवही गमावले. मागावर शेजारी बसणाऱ्याला समोरचा माणूस ठाऊक होता. धर्माच्या नावावरून अंदाज बांधायची त्याला गरज पडली नाही.

आक्षेपक : पण मग सामान्य श्रद्धाळू बोलत का नाहीत? आपल्या धर्मातल्या दुष्ट वचनांविरुद्ध, आपल्या लोकांच्या अत्याचारांविरुद्ध त्यांनी उभं राहावं. मग मी त्यांना वेगळं मोजेन. गप्प बसणं ही संमतीच आहे.

लेखक : बोलणारे होते. हैदराबादेत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान संस्थान भारतात विलीन व्हावं असं लिहीत होते. ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. मुक्तीनंतर महिन्याभरात सूड घेणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांच्या रक्ताचा हिशेब जमेला धरला? हमीद दलवाईंनी १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत कौन्सिल हॉलवर सात मुसलमान बायकांचा मोर्चा नेला, तोंडी तलाकाविरुद्ध. पुढे १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. मुसलमान परंपरेची चिकित्सा दलवाईंइतकी निर्भीडपणे मराठीत दुसऱ्या कुणी केलेली नाही. तुमच्या नियमानं दलवाईंना आणि त्या सातजणींना कुठे बसवायचं? मोर्च्याच्या सकाळपर्यंत त्या सातजणी तुमच्या यादीत ‘गप्प बसणाऱ्या’ होत्या. त्यांच्या मनात काय धुमसत होतं ते ग्रंथ वाचून कुणालाही कळलं नसतं. आणि गप्प राहण्याची कारणं संमतीखेरीज पुष्कळ असतात : भीती, पोटाचा धंदा, मोहल्ल्यात मुलीचं लग्न व्हायचं असणं, किंवा आपल्याकडे जाब मागितला जातोय याचाच राग. जो गुन्हा आपण केला नाही त्याचा निषेध रोज उठून करायचा, आणि केला नाही तर गुन्हेगार ठरायचं, ही मागणी तुम्ही स्वतःच्या बाबतीत एक दिवसही सहन करणार नाही. ‘खैरलांजीत दलित कुटुंबाचं हत्याकांड झालं, आता तू हिंदू म्हणून निषेधावर सही कर’ असं कुणी दारात येऊन म्हणालं तर तुम्ही दार लावाल. तुमचं ते दार लावणं मला गैर वाटणार नाही.

प्रश्न विचारूच नयेत असं मात्र मी म्हणत नाही. इंग्लंडात पोपनं राणी एलिझाबेथला पदच्युत घोषित केल्यानंतर कॅथलिक म्हणजे देशद्रोही असं गृहीत धरलं गेलं; धर्माज्ञा खरोखरच तशी निघाली होती, १५७० मध्ये. त्या संशयापायी निष्ठेनं राहणाऱ्या कॅथलिकांच्या पिढ्या १८२९ पर्यंत पार्लमेंटच्या दाराबाहेर राहिल्या. अमेरिकेत १९६० मध्ये केनेडींना तोच संशय भेटला. ते ह्यूस्टनला प्रोटेस्टंट पाद्र्यांसमोर गेले आणि पोपचा शब्द आणि देशाचं हित यांत आपण काय करू ते सांगितलं. प्रश्न त्यांना त्यांच्या धर्माच्या शिकवणीवरूनच सुचलेला होता. पण उत्तर त्यांचं स्वतःचं घेतलं गेलं. इंग्लंडात मात्र ज्याचं त्याचं उत्तर काहीही असो, पार्लमेंटचं दार सरसकट बंद राहिलं. शिकवण आणि इतिहास यांचा माणसाच्या बाबतीत एवढाच उपयोग मला मान्य आहे : काय विचारावं ते त्यांतून सुचतं. उत्तर द्यायचा हक्क समोरच्याचा, आणि पुढे त्याचं वागणं त्या उत्तराशी जुळतं का, हे तपासायचा हक्क तुमचा.

आक्षेपक : आणि कुणी छातीठोकपणे म्हणालाच, की ग्रंथातलं अक्षर न् अक्षर मला मान्य आहे, परधर्मीयाला किंवा खालच्या जातीच्याला दुय्यम लेखणारं वचनसुद्धा?

लेखक : मग त्यानं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. त्याला त्या शब्दांवर धरा, त्याच्याशी भांडा, तो सत्तेवर येऊ पाहत असेल तर त्याला पाडा. पण त्याच्या भावाचं मत त्याच्यावरून ठरवू नका.

आक्षेपक : हे सगळं ऐकूनही माझी एक अडचण सुटत नाही. घर भाड्यानं देताना, कामावर माणूस ठेवताना एवढी चौकशी करायला वेळ कुणाला आहे? धर्म पाहून अंदाज बांधला तर तो दहातल्या काही वेळा चुकेल, पण माझं काम भागतं.

लेखक : चुकतो तेव्हा त्याची किंमत तुम्ही मोजत नाही, दारातून परत गेलेलं कुटुंब मोजतं; आणि त्याला तीच किंमत पुढच्या दारातही मोजावी लागते, त्यापुढच्याही. म्हणून तुमचं काम भागल्यासारखं दिसतं. भाडं वेळेवर देईल का, आधीच्या घरमालकाचा अनुभव काय, नोकरी कुठे आहे, हे विचारायला दहा मिनिटं लागतात, आणि हे प्रश्न तुम्ही तुमच्याच धर्माच्या भाडेकरूला आजही विचारता. त्याच्यासाठी तो वेळ तुम्हाला मिळतो. शहागंजात मालाची उधारी देणारा व्यापारीसुद्धा नाव ऐकून माल देत नाही आणि नाव ऐकून नाकारतही नाही; मागच्या हप्त्याचे पैसे आले का, ते वहीत पाहतो.